आकाशपाळण्याचा मुहूर्त

आधी एक खुलासा करून टाकतो. मी वणीचा म्हटले की पुण्या-मुंबईची मंडळी नकळत हात जोडतात आणि ‘मग काय, सप्तशृंगीचं दर्शन नेहमीचंच!’ असे म्हणतात. ती वणी नाशकाकडची. आमची वणी यवतमाळ जिल्ह्यातली. १८८० साली लोकनायक बापूजी अणे जिथे जन्मले ती. निर्गुडेच्या काठची, रंगनाथस्वामींची, कापसाची आणि आता कोळशाची. देवीच्या वणीला भाविक पायऱ्या चढतात. आमच्या वणीत नुसता पारा चढतो. एप्रिल उजाडला की दारात वाळ्याचा नाही तर गवताचा कूलर घरघरू लागतो, डोक्याला दुपट्टे बांधले जातात, आणि सकाळी दहानंतर जो रस्त्यावर दिसेल त्याला एक तर नोकरी असते किंवा अक्कल नसते. मे महिन्यात शेजारच्या चंद्रपुराचा पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीसवर गेल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, की आम्ही ती शेजाऱ्याच्या मुलाला बोर्डात नंबर मिळाल्यासारखी वाचतो : कौतुकही वाटते आणि आपण मागे राहिलो असेही वाटते.

एवढे पाल्हाळ अशासाठी, की यंदा आमच्या घरात जो प्रश्न दोन महिने गाजला तो याच उन्हाने उभा केला होता. प्रश्न साधा होता. मुलांना एकदा थीम पार्कला न्यायचे. ते होळी-पाडव्याच्या सुमारास न्यायचे, की उन्हाळ्याच्या सुटीत? वाचकांपैकी पुष्कळांना हा प्रश्नच वाटणार नाही. सुटी मेमध्ये असते, तेव्हा सहलही मेमध्ये. जसा सूर्य पूर्वेला. परंतु मी सहकारी बँकेत हिशेबनीस आहे. जी गोष्ट ‘असतेच’ म्हणून सांगतात तिच्यापुढे मी पेन्सिलीने बारीकशी खूण करून ठेवतो.

आता थीम पार्क म्हणजे काय, हे दिवाळी अंकाच्या वाचकांना सांगायला नको. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड निघाले तेव्हा आम्ही वणीची पोरे त्याच्या जाहिराती पाहूनच गरगरत होतो. पुढे २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका आले. पण वणीहून मुंबई दूर. नंदीग्राम एक्स्प्रेस आमच्या स्टेशनवरूनच मुंबईला जाते खरी. तथापि आदिलाबाद, नांदेड, मनमाड असा सारा मुलूख दाखवीत दाखवीत जाते. त्यापेक्षा हैदराबाद आम्हांला जवळ. मारेगाव, करंजी, पांढरकवडा करून चव्वेचाळीस नंबरच्या महामार्गाला लागले, पाटणबोरीपुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगण. आदिलाबाद गेले, निर्मळच्या पुढे गोदावरी लागली, की चारशेच्या आतबाहेर किलोमीटरांत हैदराबाद. तिथे रामोजी फिल्म सिटी १९९६ पासूनची आणि वंडरला २०१६ पासूनचे. हे वंडरलावाले मूळचे केरळातले. २००० साली कोचीला ‘वीगालँड’ नावाने त्यांनी पहिले उद्यान काढले, मग बंगळूरला, मग हैदराबादला. थोडक्यात, स्थळाबद्दल आमच्या घरात वाद नव्हता. वाद मुहूर्ताचा होता.

आमच्या कुटुंबात माणसे पाच. वडील, त्यांना मुले आबा म्हणतात, वय शहात्तर, एका जिनिंगमधून मुनीम म्हणून निवृत्त. सौभाग्यवती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कन्या यंदा दहावीला. चिरंजीव अकरा वर्षांचे, इंग्रजी माध्यमाच्या सेंट्रल बोर्डाच्या शाळेत. आणि मी.

जत्रेचा विषय निघाला की आबा गप्प बसत नाहीत. वणीची रंगनाथस्वामींची जत्रा भरते ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. बैलबाजार, तंबूतला सिनेमा, मौत का कुआँ आणि आकाशपाळणा. आबांच्या लहानपणी तो पाळणा विजेवर नव्हता. दोन गडी लाकडी आऱ्यांना लोंबकळून तो फिरवीत. ‘तवा कोणी इचारत नव्हतं का जत्रा कवा भरवाची म्हून,’ आबा सांगतात, ‘कापूस इकला, पैसा हाती आला, ऊन तपाले अजून टाइम हाय, मंग जत्रा!’ मी मनाशी विचार केला, की म्हातारा अर्थशास्त्र सांगतो आहे. कापसाची वेचणी दिवाळीपासून माघापर्यंत. शेतकऱ्याच्या हाती जे काही नगद लागायचे ते त्याच वेळी. पुढे पेरणीच्या खर्चापर्यंत मोकळा काळ. पण त्यातला वैशाख-ज्येष्ठ उन्हाने नासलेला. उरतो तो फाल्गुन-चैत्र. आमच्याकडच्या नव्हे, साऱ्या महाराष्ट्रातल्या जत्रांची यादी काढून पाहावी. महाशिवरात्रीपासून चैत्री पुनवेपर्यंत नुसती दाटी असते. चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा चैत्रातलीच. सहलीला वसंत ऋतू योग्य, हे आमच्या पूर्वजांनी कसलेही माहितीपत्रक न वाचता ठरवून टाकले होते. मधल्या काळात शाळा आल्या, कचेऱ्या आल्या, आणि सहलीचा हक्क जत्रेकडून काढून मे महिन्याला देण्यात आला.

मे महिन्याचा अनुभव आम्ही एकदा घेतला होता. २०१८ साली. कुठल्या उद्यानात ते सांगत नाही, कारण दोष त्यांचा किती आणि आमचा किती याचा हिशेब मला आजवर लागलेला नाही. कन्या तेव्हा आठ-नऊ वर्षांची, चिरंजीव कडेवर. सुटीचा दिवस, उभ्या गावाची गर्दी. एका झुल्याला पाऊण तास रांग, दुसऱ्याला तास. रांगेवर पत्र्याचे छप्पर होते. ते उन्हाला अडवीत होते आणि उकाड्याला कोंडीत होते. आबा म्हणाले, ‘तुम्ही जा, मी चपला सांभाळतो.’ कन्येला ‘अजून एक, अजून एक’ करता करता दोन वाजले. परत येऊन पाहतो तो आबा बाकावर तसेच बसलेले, मांडीवर आमच्या चपला नीट जुळवून ठेवलेल्या, पण बोलेनात. हात धरला तर भाजत होता आणि कोरडा होता. घाम येत होता तोवर चिंता नव्हती. घाम थांबला होता. खिशात ऊन लागू नये म्हणून ठेवलेला कांदा तसाच होता. ओले दुपट्टे, बर्फ, दवाखाना, सलाइन असे करीत दोन दिवसांनी आम्ही वणीला परतलो. आबा आठवड्यात हिंडूफिरू लागले. कन्येने मात्र त्यानंतर झुल्याचे नाव काढले नाही. एकदा तिच्या आईला ती एवढेच म्हणाली होती, ‘मी “अजून एक” म्हटलं नसतं तर आबांना काही झालं नसतं ना?’ आम्ही दोघांनी तिची समजूत घातली. समजूत घातली म्हणजे पटतेच असे नाही.

उन्हाने मोठमोठ्यांची फजिती केली आहे म्हणा. खुद्द डिस्नेसाहेबांनी आपले पहिले डिस्नेलँड कॅलिफोर्नियात उघडले ते १७ जुलै १९५५ रोजी, भर उन्हाळ्यात. पाहुणे बोलावले होते त्याच्या जवळजवळ दुप्पट आले, कारण खोट्या निमंत्रणपत्रिका निघाल्या होत्या. पारा अडतीसच्या घरात. रस्त्यावरचे डांबर ताजे. त्यात बायकांच्या उंच टाचा रुतून बसल्या. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची तोंडे लावायची की शौचालये पुरी करायची असा पेच पडला होता. डिस्नेसाहेबांनी शौचालये पुरी केली आणि तहानलेले लोक त्यांच्या नावाने ओरडत बसले. ही हकीगत मी घरी वाचून दाखवली तेव्हा आबांनी एकच प्रश्न विचारला : ‘अडतीसच?’ आमच्याकडे अडतीसला कूलरचा पंखा बारीक करतात.

यंदा जानेवारीत एके रात्री जेवताना कन्या अचानक म्हणाली, ‘दहावी झाली की मला एकदा हैदराबादच्या पार्कला जायचंय. आपण सगळे. आबासुद्धा.’ सौभाग्यवतींचा पोळीचा हात थांबला. मी तत्काळ ‘हो’ म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी बँकेतून येताना एक मोठा कोरा ताव आणला.

त्या तावावर मी पाच रकाने आखले. आता इथून पुढचा मजकूर ज्यांच्या घरी एकाहून अधिक शाळा आहेत त्यांनी लक्ष देऊन वाचावा.

कन्येची बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होऊन १७ मार्चला संपणार होती. पुढे तिला डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करायची. त्याचा नागपूरचा वर्ग ७ एप्रिलपासून, वसतिगृहात राहून. म्हणजे तिच्या रकान्यात मोकळे दिवस अठरा-वीस. त्यानंतर दोन वर्षे त्या रकान्यात काही लिहिण्याची सोय नव्हती. चिरंजीवांची परीक्षा मार्चच्या मध्याला आटोपणार आणि नवीन वर्ग १ एप्रिलला भरणार. सेंट्रल बोर्डाच्या मुलांना मिळतो तो एवढाच वसंत. सौभाग्यवतींच्या शाळेत याच्या अगदी उलट. राज्याच्या शाळांतली पहिली ते नववीची वार्षिक परीक्षा यंदा ८ ते २५ एप्रिल. सुटी मे लागल्यावर. मार्चमध्ये फार तर दोन दिवसांची किरकोळ रजा. आबांच्या रकान्यात वर्षभर मोकळे दिवस होते, पण मे महिन्यावर मी तांबड्या पेन्सिलीने काट मारली. आणि माझ्या रकान्यात ३१ मार्च! बँकेतल्या माणसाला मार्चमध्ये रजा मागणे म्हणजे आचाऱ्याने पंगत बसल्यावर घरी जाऊ का विचारणे होय.

ताव भरत असताना मला एक शोध लागला. सुटी महाराष्ट्रभर सारखी लागते, पण संपते वेगवेगळी. विदर्भात ऊन लांबते, पाऊस उशिरा येतो, म्हणून आमच्या शाळा उशिरा उघडतात. यंदा इतरत्र १६ जूनला उघडल्या, आमच्याकडे २३ जूनला. आणि तेलंगणाच्या शाळा? त्यांची सुटी २४ एप्रिलला लागून ११ जूनला संपते. १२ जूनला घंटा. म्हणजे १२ ते २२ जून या दिवसांत हैदराबादची मुले वर्गात आणि आमची मोकळी! पार्क रिकामे, दर उतरलेले (आठवड्याच्या शेवटी आणि सुटीच्या हंगामात तिकिटांचे दर चढतात, मधल्या वारी उतरतात), उन्हाचा जोर मोडलेला. पाऊस आला तर भिजावे. विजा चमकू लागल्या तर मोठे झुले थांबवतात, एवढाच तोटा. ही दहा-अकरा दिवसांची खिडकी केवळ वैदर्भीयांसाठी उघडते. मी इतका खूश झालो, की जणू ती मीच पाडली होती. त्यात माझा स्वार्थही होता. जूनमध्ये मला रजा मिळत होती.

चिरंजीव तर जूनच्या बाजूने जिवापाड भांडू लागले. त्याचे कारण भिंतीवर होते. आमच्या माजघराच्या चौकटीवर दोन्ही मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. या उद्यानांत मुलाचे वय विचारीत नाहीत, उंची मोजतात. एस.टी.त पाच ते बारा वर्षांना अर्धे तिकीट, तसे इथे ठरावीक उंचीखाली कमी दराचे तिकीट. मात्र मोठमोठे झुले त्याच उंचीखालच्यांना बंद, कारण छातीवर येणारा अडसर लहान अंगाला घट्ट बसत नाही. मोठ्या झुल्यांना बहुधा एकशेचाळीस सेंटीमीटर लागतात. चिरंजीव एकशेसाडेअडतीस. ‘बाबा, जूनपर्यंत मी दीड सेंटीमीटर वाढतो!’ असे हमीपत्र त्यांनी लिहून दिले. मी हिशेब मांडला. मार्चमध्ये नेले तर तिकीट स्वस्त आणि पोरगा रडणार. जूनमध्ये नेले तर तिकीट पुरे आणि पोरगा हसणार. बँकेच्या भाषेत दोन्ही बाजू जुळत होत्या.

जुळत नव्हता तो एकच रकाना. जूनमध्ये कन्या नसणार. मी म्हणालो, नागपूरच्या वर्गातून दोन-तीन दिवस सुटी मागू. तिनेच मान हलवली. वर्गाचे नियम तिने माझ्याआधी वाचले होते.

सौभाग्यवती तावाकडे पाहत बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘अहो, पाच रकाने आखलेत ना? मग पाचही जुळायलाच हवेत असं कुणी सांगितलं? चार जुळतायत मार्चमध्ये.’

‘आणि पाचवा?’

‘पाचवा म्हणजे तुम्ही. तुमचा मार्च दर वर्षी येतो. पोरगी दहावी होऊन घरातून एकदाच जाते.’

खोटे कशाला सांगू, मला राग आला. सहलीची कल्पना मुलीची, पैसे माझे, ताव माझा, शोध माझा, आणि मी घरी! दोन दिवस मी घरात गंभीर चेहऱ्याने वावरलो. त्याचा कुणावर परिणाम झाला नाही. उलट आबांनी नवीच अडचण काढली. ‘मी काऊन येऊ? मले त्या झुल्याईचं काय करा लागते? तुम्ही जा. मी घर सांभाळतो.’ चपला सांभाळतो म्हणाले होते त्याच सुरात. त्यावर कन्या जेवणावरून उठली. आबांच्या समोर जाऊन म्हणाली, ‘तुम्ही नाही आलात तर मी जाणार नाही. कधीच.’ ‘कधीच’ हा शब्द तिने काही मोठ्याने उच्चारला नाही. पण त्या रात्री मी ताव घडी करून कपाटात ठेवला आणि गाडी ठरवायला गेलो.

एक गंमत सांगायची राहिली. आबांना शेवटपर्यंत वाटत होते, की आपण एस.टी.ने जावे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास फुकट. बायकांना २०२३ पासून निम्मे तिकीट. पोरग्याचे वयाने अर्धे. ‘सरहद्दीपावतर तर फुकटच हाय!’ पैनगंगेच्या अलीकडे सवलत आणि पलीकडे पूर्ण भाडे, हे त्यांना समजावण्यात एक संध्याकाळ गेली.

मंडळी गुरुवारी पहाटे चारला निघाली. माठातले गार पाणी, कैरीचे पन्हे, शेव-चिवडा, चार दुपट्टे. वेळापत्रक मी लिहून दिले होते. सहलीला न जाणाऱ्याचा तेवढा अधिकार असतो. दरवाजे उघडताना हजर राहायचे; मोठे कोरडे झुले पहिल्या दीड-दोन तासांत उरकायचे, कारण गर्दी आधी दाराजवळच्या झुल्यांना लागते; बारा ते चार आबांनी सावलीत किंवा बंदिस्त खेळांत बसायचे; पाण्याचे खेळ दुपारी; पाळणा असल्यास दिवस कलल्यावर. आणि दर तासाला पाणी, तहान असो वा नसो. मार्चमध्येही हैदराबादला पस्तीस-छत्तीस असतेच; फरक एवढाच, की सावलीत गेले तर सावली वाटते. मेमध्ये सावली ही नुसती समजूत असते. शिवाय मार्चला स्वतःची खोडी आहे. आमच्या बाजूला याच दिवसांत अवकाळी गारपीट होते आणि गव्हा-हरभऱ्याची वाट लावते. त्यासाठी मी एक छत्रीही बांधून दिली होती. ती गाडीतच राहिली.

शुक्रवारी ती चौघे वंडरलात आणि मी थकीत कर्जांच्या यादीत. सकाळी अकराला एक फोटो आला : कन्या आणि तिची आई, दोघींचे केस उभे, तोंडे उघडी. मग चिरंजीवांचा ओठ काढलेला फोटो. मागे उंचीची पट्टी. त्यानंतर तीन वाजेपर्यंत काही नाही. तीन वाजता मी फोन लावला. कुणी घेत नाही. चारला लावला; नाही. माझ्यासमोर आकड्यांचे रकाने होते आणि डोळ्यांपुढे पत्र्याखालचा बाक. साहेब म्हणाले, ‘काय हो, बेरीज चुकतेय?’ पावणेसहाला सौभाग्यवतींचा आवाज आला : ‘अहो, फोन लॉकरमध्ये होते. सगळे पाण्यात होतो ना!’

‘सगळे? आबा?’

‘आबा पाळण्यात बसले.’

यापुढे गलका झाला आणि फोन कटला.

चौथा शनिवार असल्याने बँकेला सुटी होती; कामावर बोलावणे येणार होते, पण साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहून रविवारी ये म्हटले. शुक्रवारी रात्री मी एस.टी.ने पांढरकवडा गाठले आणि फाट्यावर नागपूर-हैदराबाद जाणारी एक रातगाडी अडवली. पहाटे हैदराबादला उतरलो तेव्हा आबा लॉजच्या पायऱ्यांवर चहा पीत बसले होते. ‘आलास?’ म्हणाले. पाळण्याबद्दल एक शब्द नाही.

ती हकीगत मला चार वेगवेगळ्या माणसांकडून चार प्रकारे कळली. सौभाग्यवती म्हणतात, कन्येने त्यांचा हात धरून नेले. कन्या म्हणते, तिने फक्त विचारले, आबाच उठले. चिरंजीव म्हणतात, पाळणा वर जाऊन थांबला तेव्हा आबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ‘भिऊ नोको’ म्हणाले. मात्र भीत कोण होते ते त्यांनी सांगितले नाही. आबांचे म्हणणे, पाळणा ठीक होता, पण हाताने फिरवलेल्या पाळण्याची मजा नाही. वर गेल्यावर खालचा गडी ओळखीचा असला पाहिजे. फोटो एकही नाही. फोन लॉकरात होते. मी तो देखावा पाहिलेला नाही आणि आता कधी पाहणारही नाही. पण मला तो इतक्यांदा सांगण्यात आला आहे, की कोणता आबांचा कोणता हात लोखंडी दांड्यावर होता तेही मी सांगू शकेन.

शनिवारचा दिवस रामोजी फिल्म सिटीत गेला. दीड हजार एकरांवर पसरलेली ती नगरी. जगातले सर्वांत मोठे चित्रपट-संकुल म्हणून गिनेसच्या पुस्तकात नोंदलेली. तिथे बसमधून हिंडवतात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांचे पाय वाचतात. खोट्या राजवाड्यांपुढे खरे फोटो काढले. संध्याकाळी चारमिनारला गेलो. आम्ही योजले नव्हते, पण रमझान चालू होता. १५९१ सालची ती वास्तू आणि तिच्या पायाशी लाड बाजाराच्या बांगड्यांची दुकाने दिव्यांनी नुसती पेटल्यासारखी. रोजा सोडून बाहेर पडलेली कुटुंबेच्या कुटुंबे, फळांच्या गाड्या, अत्तरे. मे महिन्यात आलो असतो तर हे दिसले नसते. रमझान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, तेव्हा हा योगही काही वर्षांचाच. कन्येने लाखेच्या बांगड्या घेतल्या. तिची आई म्हणाली, ‘वसतिगृहात कशाला घालशील?’ ती म्हणाली, ‘घालायला नाही, ठेवायला.’ रविवारी दुपारी वणी आणि संध्याकाळी मी बँकेत.

आता निसर्गाने माझ्या तावाची काय थट्टा केली तेही सांगतो. ज्या मे महिन्यावर मी तांबडी काट मारली होती, त्याच मे महिन्यात यंदा पावसाने धरणे धरले. मोसमी पाऊस केरळात २४ मेलाच आला आणि मुंबईत २६ मेला. इतक्या लवकर मुंबईत तो कधी आल्याची नोंद नाही. कोकणात छत्र्या उघडल्या. मग स्वारी तिथेच रेंगाळली आणि विदर्भाला जूनच्या मध्यापर्यंत ताटकळत ठेवले. म्हणजे माझ्या त्या नामी जूनच्या खिडकीत बराच काळ उकाडाच होता. सौभाग्यवतींनी हे मला तोंडाने सांगितले नाही. फक्त कपाटातून ताव काढून त्यावर वाटाणे निवडले.

कन्येचा निकाल १३ मेला लागला, उत्तम लागला. ती नागपूरला आहे. रविवारी फोन करते, आधी आबांशी बोलते.

२२ जूनला, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, चिरंजीव माजघराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले आणि मला पट्टी घेऊन बोलावले. टाचा उचलल्या नाहीत ना ते आबांनी वाकून पाहिले. एकशेचाळीस आणि वर एक दोरा. ‘आता चला!’ चिरंजीव म्हणाले. मी रजेचा अर्ज लिहायलाही बसलो होतो. तेवढ्यात तेच म्हणाले, ‘नको. ताई आल्यावर.’ कन्येच्या खुणा त्याच चौकटीवर, बऱ्याच वर. शेवटच्या खुणेपुढे तिच्या हाताने तारीख आहे, ५ एप्रिल.

परवा पुढच्या सालची दिनदर्शिका घरात आली. आबांनी ती माझ्या हाती द्यायच्या आधी खाटेवर बसून चष्मा लावून मार्चचे पान उघडले होते. पाडवा १९ मार्चला, गुरुवारी. चौथा शनिवार २८ला. दोन्हींखाली पेन्सिलीची बारीकशी रेघ होती. नागपूरला त्या दिवसांत काय असते ते विचारून घे, असे त्यांनी मला सांगितले. आणि यावेळी तूही रजा टाक, म्हणाले, मार्च असला तर असू दे.